सात चुलींचा धूर

१

लीलाच्या बाळंतपणाच्या नवव्या दिवशी सकाळी अमीरबी सुईण नेहमीप्रमाणे तेलाची वाटी घेऊन आली, दार ढकलून आत गेली आणि थोड्याच वेळात रिकाम्या हातांनी बाहेर येऊन सोप्यात मटकन बसली. तिला काही विचारायची कुणाला गरज पडली नाही. लीलाची सासू बयाबाई आत धावली आणि तिनं जो हंबरडा फोडला, तो रविवार पेठेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला म्हणतात. एकोणीस वर्षांची लीला बाजेवर गेली होती. तिच्या कुशीतली नऊ दिवसांची मुलगी गेली होती. बाजेखाली शेगडीच्या उबेला निजणारं मांजरसुद्धा पाय ताठ करून पडलं होतं.

एक जीव गेला की माणसं कपाळाला हात लावतात. तीन गेले, आणि त्यांत मांजर, की माणसं विष म्हणतात आणि बोट दाखवायला कुणीतरी शोधतात. इथं शोधायला लांब जावं लागलं नाही. लीलाला रोज संध्याकाळी सुंठ-ओव्याचा काढा अमीरबी आपल्या घरून उकळून आणत असे. औषधाला सोवळं नसतं म्हणून तो चालत होता. अमीरबीचं घर म्हणजे त्याच चाळीतली शेजारची खोली. महिन्यापूर्वी आडाच्या दोरावरून तिचं आणि बयाबाईचं कडाक्याचं भांडण झालं होतं. ते दुसऱ्याच दिवशी मिटलंही होतं, पण हे दुसरं वाक्य कुणी उच्चारलं नाही. चाळीचे मालक बाळासो यांनी स्वतः जाऊन सगळं फौजदारांच्या कानावर घातलं, आणि दुपारच्या आत सत्तरीची अमीरबी चावडीच्या कोठडीत जाऊन बसली.

महाराज गादीवर येऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. पौषातली थंडी होती. हंबीरराव जमादार चार दिवस कामगिरीवर कोडोलीला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला आणि कोठडीच्या गजाआड कोण बसलंय हे पाहून जागच्या जागी थांबला. हंबीरराव अंगानं तालमीतला, तोंडानं फटकळ. चोराला तो घाबरला नव्हता की साहेबाला. पण त्याची तिन्ही पोरं अमीरबीच्या हातावर या जगात आली होती. तिसरं पायाळू होतं, आणि त्या वेळी त्याची बायको वाचली ती या म्हातारीमुळं.

"पोटातला माल मुंबईला तपासणीला धाडलाय," फौजदार म्हणाले. "उत्तराला महिना लागंल. तवर बाई मोठ्या तुरुंगात. उद्या सकाळी न्यायची."

"साहेब, महिनाभर न्हाई काढायची ती म्हातारी. चार दिसांत मरंल."

"मग आज सांजपातूर दुसरं कायतरी दाखवा मला. दोन जीव गेल्यात, जमादार. गाव दारात उभं हाय."

२

हंबीरराव गजापाशी उकिडवा बसला.

"मावशी, खरं सांगा. काढ्यात काय हुतं?"

"सुंठ, ओवा, बाळंतशोपा आन गूळ. तुझ्या बायकूला दिला त्योच की रं."

"लीला कशी दिसली तुमाला?"

"मला कुटं दिसतंय नीट? डोळ्यांत मोतीबिंदू. हाताला गार लागली म्हणून कळलं. पर बयाबाई वरडत हुती, गाल कसं लाल हाईत बघा, जित्या माणसावाणी."

विषानं मेलेली माणसं त्यानं बघितली होती. त्यांचे ओठ काळेनिळे पडतात, अंथरूण विस्कटतं, माणूस तडफडतो. लाल गालांची मेलेली माणसं त्यानं आयुष्यात एकदाच बघितली होती, दहा वर्षांपूर्वी गगनबावड्याला. पावसात अडकलेले तीन गाडीवान एका झोपडीचं दार लावून, मधे कोळशाची शेगडी ठेवून निजले आणि सकाळी उठलेच नाहीत. लोक म्हणाले, भूत. तिथला एक म्हातारा कोळसा पाडणारा मात्र म्हणाला होता, कोंडलेला कोळसा आग असून माणसाला गारठवतो, त्याच्या वाफेला बाहेर जायला वाट लागते.

"मावशी, खोलीत शेगडी हुती का?"

"हुती की बाजंखाली, रोजच्यासारकी. त्या सांजंला गारठा वाढला म्हणून खालची खिडकी मी चिंध्यांनी बुजवली, दाराला पोतं लावलं. थंडी किती हाय! ओल्या बाळंतिणीला वारा लागला तर संपलंच."

"म्हंजे सगळं बंद?"

"येडा का खुळा तू?" कोठडीतही म्हातारीचा आवाज चढला. "वरचा झरोका मी कवाच बुजवत न्हाई. चाळीस वर्सं ह्योच धंदा करतीया. धुराला वाट पायजेच. त्या चाळीत परत्येक खोलीला आढ्याखाली झरोका हाय, लाकडी जाळीचा. त्याच खोलीत आधीच्या भाडेकरणीची तीन बाळंतपणं मी केली. सगळी पोरं आज खेळत्यात."

हंबीररावानं सुस्कारा सोडला. गगनबावडा त्यानं मनातून पुसून टाकला. झोपडीला झरोका नव्हता, इथं होता.

अमीरबीनं गजातून हात बाहेर काढून त्याचा दंड धरला. "माझं जाऊ दे. मेहमुदाचं काय?"

मेहमुदा म्हणजे तिची सून. तिचे दिवस भरले होते आणि सासू कोठडीत. फौजदारांकडून बाहेर पडताना हंबीररावाला तिचा नवरा शिकंदर भेटला होता.

"काल सांजच्याला पोरगा झाला. दोघंबी बरी हाईत. कोडोलीसनं तिची आई आलीया, खतिजा."

म्हातारीचं तोंड एकदम उजळलं आणि लगेच पडलं. "खतिजाला काय कळतंय! ती शेतातली बाई. शेगडी लावली का त्यांनी?"

"न्हाई वाटतं. लीलाचं झाल्यापास्नं चाळीत सगळी भ्यालीत. मेहमुदा कुडकुडतीया म्हणत हुता शिकंदर."

"या अल्ला! थंडी भरंल तिला. लेकरा, माझा निरोप दे. शेगडी भरून लावा म्हणावं, खालची खिडकी बुजवा, दार घट्ट लावा. वरचा झरोका उघडा असतोयच. एवढं कर माझं. मग मला फासावर दे."

सुनेला थंडी वाजू नये म्हणून तुरुंगातून निरोप धाडणारी बाई दुसऱ्याच्या सुनेला विष घालील, हे काही हंबीररावाच्या गळी उतरेना. तो उठला. वाटेत त्यानं स्वतःच्या हातानं पाटीभर कोळसाही घेतला.

३

चाळ सात खोल्यांची, एका ओळीत. पुढं सोपा आणि आड. मागं पूर्वी मोकळा बोळ होता. दोन वर्षांपूर्वी प्लेगाच्या साथीत सरकारनं सगळ्यांना गावाबाहेर माळावर झोपड्यांत नेलं, आणि चार महिन्यांनी माणसं परत आली तेव्हा त्या बोळात बाळासोंचं गुळाचं कोठार उभं होतं. झरोक्यातून येणारा उजेड त्या दिवसापासून बंद झाला. कुणी कुरकुर केली नाही. साथीनंतर गावात भाड्याची खोली मिळणं म्हणजे नशीबच होतं, आणि बाळासो तर सगळ्यांना सांगून मोकळे होते की ज्याला अंधार सोसत नाही त्यानं माळावर जाऊन राहावं.

हंबीररावानं आधी मेहमुदाच्या दारात पाटी ठेवली. शिकंदर कामावर गेला होता. खतिजा दाराच्या फटीतून डोकावली.

"पावणं, कोण तुमी?"

"जमादार हाय. तुमच्या विहीणबाईचा निरोप हाय." त्यानं शब्द न् शब्द सांगितला.

"त्या म्हणत्यात तर लावती की," खतिजा म्हणाली, आणि तिच्या आवाजात सुटका होती. आतून लहानग्याचं रडणं ऐकू आलं. मग दार लागलं, आतून कडी पडली. हंबीररावाला बरं वाटलं. सकाळपासून त्यानं केलेलं हे एक तरी काम चांगलं झालं होतं.

मग तो लीलाच्या खोलीत गेला. खोली होती तशीच होती. खालच्या खिडकीत चिंध्यांचा बोळा. बाजेवरचं अंथरूण साधं चुरगळलेलंसुद्धा नव्हतं. वर आढ्याखाली हातभर लांबरुंद जाळीचा झरोका, धुरानं काळाकुट्ट, त्यात एक जळमट लोंबत होतं. त्यानं बाजेखालून शेगडी ओढली आणि राख चाळवली. वरचे कोळसे जळून राख झालेले, खालचे निम्मे तसेच काळे. इतकी थंडी आणि बाळंतिणीची शेगडी अर्ध्यावर विझली? कुणी पाणी मारल्याची खूण तर नव्हती. त्याला हे चमत्कारिक वाटलं, पण याचं करायचं काय ते कळेना.

बयाबाई बाहेर सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. दोन दिवसांत तिचं तोंड वर्षाभरानं म्हातारं झालं होतं.

"आक्का, मांजर काढ्यानं मेलं म्हणतासा. सुंठ-ओव्याचा काढा मांजर पितं व्हय?"

तिनं मान फिरवली.

"त्या सांजंला काढा सगळा लीला प्याली का?"

बयाबाईनं पदर तोंडात कोंबला. पदराआडूनच ती म्हणाली, "निम्मा."

"आन निम्मा?"

"जमादार, कुणाला सांगू नका. मी पीत हुते. रोज पीत हुते. खोकल्यानं छाती फुटती माझी, मला कोण काढा करून देणार? बाळंतिणीच्या वाटणीचं सासूनं खाल्लं म्हटल्यावर बाया थुकतील माझ्या तोंडावर."

"त्या सांजंलाबी प्यालासा?"

"व्हय. आन हितं सोप्यात निजले. मला कायबी झालं न्हाई." मग तिला आपण काय बोललो ते कळलं असावं. ती डोकं भिंतीवर आपटू लागली. "मग अमीरबीनं केलं न्हाई म्हंजे! मग पोरगी कशानं गेली माझी? कशानं गेली?"

हंबीररावानं तिला आवरलं. म्हातारी सुटली होती, निदान त्याच्या मनातून तरी. पण फौजदारांना नुसतं 'हिनं नाही' चालणार नव्हतं, 'कशानं' ते हवं होतं. आणि नेमकं तेच त्याच्याकडं नव्हतं.

त्यानं बाकीच्या खोल्या पालथ्या घातल्या. कुणाला विषाबद्दल विचारलं तर माणसं भलतंच सांगत. पहिल्या खोलीतली बायडाबाई म्हणाली, साथीवरून आल्यापासून सैपाक करताना डोकं नुसतं ठणकतं, दार उघडल्याबिगर चुलीपुढं बसवत न्हाई. दुसरीकडची पोरं सदा मलूल, घेरी येऊन पडणारी. शेवटच्या खोलीतला बादशहाचाचा गेल्या थंडीत विस्तवाची आगटी घेऊन निजला आणि निजल्या जागी गेला; वय झालं होतं म्हणून कुणी काही बोललं नाही. "माळावरच्या झोपडीत बरं हुतो की वो," बायडाबाई म्हणाली. "पलेग हुता, पर डोकं दुखत न्हवतं."

लीलाचा नवरा बंडू आडाच्या कठड्यावर बसला होता. कचेरीत कारकून, मवाळ पोरगा. दोन दिवस त्याच्या पोटात अन्न नव्हतं.

"बंडू, खोलीत धूर कोंडत हुता का रं?"

बंडूनं झटकन वर बघितलं, उघड्या दारातून थेट त्या काळ्या झरोक्याकडं. मग मान खाली घातली.

"मला काय म्हाईत न्हाई," तो म्हणाला.

हंबीररावानं आयुष्यभर खोटं बोलणारी माणसं बघितली होती. हा पोरगा खोटं बोलत होता. पण बायको आणि लेक गमावलेला माणूस झरोक्याकडं बघून कशाला खोटं बोलेल?

४

बाळासो कोठारातच होते. गुळाचे रवे, मोठाल्या ढेपा, भिंतीला लावून पार आढ्यापर्यंत रचलेले, आणि पुढं तक्क्याला टेकून मालक.

"या जमादार, बसा की. लई वाईट झालं. माझ्या चाळीचं नाव गेलं बघा. त्या दोन खोल्या लगोलग खाली करून घ्याव्या म्हणतो. अमीरबीची आन बंडूची. गोमूत्र शिपडून, चुना लावून..."

"मढी जळून दोन दिस झालं न्हाईत, मालक."

"तसं न्हवं. लोक काय म्हणतील, त्याला मी भितो." बाळासोंनी एका रव्याचा खडा फोडला. "घ्या, तोंड गोड करा. असा गूळ गावात दुसऱ्या कोठारात मिळणार न्हाई. गुळाचं लई नाजूक असतंय. ओल लागली की पाणी सुटलं, धूर लागला की वास धरला. माझ्या गुळाला वास घेऊन बघा. हाय का कशाचा? पिवळाधमक! दोन वर्सं झाली, व्यापारी डोळं झाकून उचलत्यात."

हंबीररावानं खडा तोंडात टाकला. गूळ खरंच चांगला होता. उसाचा वास, बाकी कशाचा नाही. तो चघळता चघळता थांबला.

"मालक, ह्या भितीपल्याड काय हाय?"

"चाळ की आपली."

"चुली किती?"

"सात खोल्या, सात चुली. का?"

"सकाळ-सांज सात चुली पेटत्यात. आन परत्येक खोलीला आढ्याखाली झरोका. झरोके पूर्वी बोळात उघडायचं. आता बोळ न्हाई, बोळाच्या जागी हे कोठार. म्हंजे ते झरोके आता हितं उघडायला पायजेत. तुमच्या गुळाच्या रव्यांमागं."

बाळासोंचा हात तक्क्यावर स्थिर झाला.

"सात चुलींचा धूर दोन वर्सं ह्या कोठारात यायला पायजे हुता," हंबीरराव सावकाश म्हणाला. "तुमचा गूळ आतापातूर डांबरावाणी काळा पायजे हुता. त्याला तर धुराचा वाससुदीक न्हाई. मग धूर गेला कुटं, मालक?"

बाळासोंनी सांगायची गरजच राहिली नव्हती. हंबीररावाच्या डोळ्यांपुढं आता सगळं एकामागोमाग एक उभं राहिलं. हवा न मिळाल्यानं अर्ध्यावर विझलेले कोळसे. बाजेखालचं मांजर. लाल गाल. बायडाबाईचं ठणकणारं डोकं, बादशहाचाचाची आगटी. माणसं माळावर असताना झरोके या बाजूनं विटांनी बुजवले होते. आतली जाळी मात्र तशीच ठेवली होती. जाळीमागं अंधार दिसायचा, आणि तो कोठाराचा अंधार आहे असं जो तो समजून चालला होता. मोतीबिंदूच्या डोळ्यांच्या अमीरबीनं तर वर बघितलंही नव्हतं. चाळीस वर्षांच्या सवयीनं तिनं खालची खिडकी बुजवली, दाराला पोतं लावलं, आणि वरच्या झरोक्याच्या भरवशावर शेगडी पेटवली.

आणि आज सकाळी तीच शेगडी शेजारच्या खोलीत पेटवायचा निरोप घेऊन कोण गेलं होतं? कोळशाची पाटी कुणी नेली होती?

हंबीररावाच्या तोंडातला गूळ कडू झाला. सूर्य डोक्यावरून कलला होता. दार लागून चार तास झाले होते.

५

तो पळाला. पन्नाशीचा जमादार, डोक्यावरचा पटका रस्त्यात पडला, तो त्यानं उचलला नाही. कोठाराला वळसा घालून चाळीत यायला किती वेळ लागतो? फार नाही. पण ते अंतर त्याला जन्मभर पुरलं.

"खतिजाबाई! दार उघडा!"

आतून उत्तर नाही. लहानग्याचं रडणंही नाही. त्यानं दारावर खांदा मारला. दार जुनं सागवानी, हललंसुद्धा नाही. माणसं जमली. कुणीतरी ओरडलं, "जमादार, बाळंतिणीच्या खोलीत गडीमाणूस कसा शिरतो?" हंबीररावानं त्याला जी शिवी दिली ती इथं लिहिता येत नाही.

तेवढ्यात बंडू आला. त्याच्या हातात मुसळ होतं. बायडाबाईच्या खोलीतून त्यानं ते ओढून आणलं होतं, आणि कुणाला काही न विचारता तो कडीच्या जागी घाव घालू लागला. मवाळ कारकून, दोन दिवसांचा उपाशी, पण दार फुटेपर्यंत तो थांबला नाही. प्रत्येक घावाला तो एकच शब्द म्हणत होता. "लीला. लीला."

दार आत कोसळलं. ऊब अंगावर आली, गोडसर, जड. खतिजा चुलीपाशी बसल्या जागी कलंडली होती. मेहमुदा बाजेवर, डोळे अर्धे मिटलेले, गालांवर लाली. बाळ तिच्या छातीशी.

त्यांनी तिघांनाही आडापाशी उघड्यावर आणलं. बायांनी तोंडावर पाणी मारलं. खतिजा आधी ओकली, मग कण्हू लागली. मेहमुदाच्या छातीवर कान ठेवून बयाबाई बसली होती. तीच बयाबाई, जिनं दोन दिवसांपूर्वी हिच्या सासूला चावडीवर नेताना दगड उचलला होता.

"चालतंय," ती म्हणाली. "चालतंय, पर लई हळू."

बाळ निपचित होतं. हंबीररावानं ते आपल्या दोन्ही पंजांत उताणं धरलं. काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. त्याच्या तिसऱ्या पोराच्या वेळी अमीरबीनं पाठीवर चापट्या मारल्या होत्या, तोंडात फुंकर घातली होती. त्यानंही तेच केलं. केलं आणि केलं. आसपासच्या बाया एकेक करून गप्प झाल्या. एक म्हणाली, "सोडा आता, जमादार." तो सोडेना. तो चक्क रडत होता, चारचौघांत, आणि त्याला त्याची लाज नव्हती.

मग त्या इवल्याशा छातीनं एक उचकी घेतली. मग दुसरी. मग ते रडलं, अगदी बारीक.

बंडू मुसळ टाकून तिथंच खाली बसला.

६

हंबीररावानं फौजदारांना चाळीत बोलावून घेतलं आणि त्यांच्यादेखत लीलाच्या खोलीच्या जाळीतून लोखंडी सळई खुपसली. वीतभर आत जाऊन ती विटेवर वाजली. सातही खोल्यांत वाजली.

"माझी भिंत, माझं कोठार," बाळासो म्हणाले. "भोक बुजवू नये असा कायदा दाखवा मला. मला काय म्हाईत, ह्यानं माणूस मरतंय? कुणी एक शबूद सांगितला असता तर मी उघडलं नसतं व्हय?"

फौजदारांची लेखणी थांबली. मालकाला ठाऊक नव्हतं म्हटल्यावर पुढं काय लिहायचं?

"मी सांगितलं हुतं," बंडू म्हणाला.

सगळे त्याच्याकडं वळले.

"साथीत एकदा घर बघायला म्हणून माळावरनं आलतो. तवा गवंडी झरोकं बुजवत हुता. मी मालकांस्नी म्हटलं, धूर कोंडंल, माणसं गुदमरतील. ते म्हणले, चाळीत कुणाला बोललास तर खोली खाली कर. साथीत दुसरी खोली कोण देणार हुतं? मी गप बसलो. पुढं लीला आजारल्यावाणी करायची, डोकं धरायची, तरी गप बसलो. अमीरबी शेगडी पेटवत हुती, मी दारात उभा हुतो, तवाबी गप बसलो. वाटलं, जरा धूर हुईल, एवढंच." त्यानं फौजदारांपुढं दोन्ही हात धरले. "ह्ये सगळं लिवा साहेब. माझं नाव आधी लिवा. पर मालकांचंबी लिवा."

बाळासोंनी त्याच्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांची नजर खाली गेली. त्यांना घेऊन फौजदार चावडीकडं निघाले. बंडू आपण होऊन मागं चालू लागला. बयाबाईनं त्याला हाक मारली नाही. ती फुटलेल्या दारापाशी मेहमुदाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्याकडंच बघत राहिली.

दिवस मावळायला हंबीररावानं कोठडी उघडली. काय सांगायचं, ते तो वाटभर ठरवत आला होता. देवानं नेली, एवढं सांगितलं असतं तर म्हातारी उरलेले दिवस सुखानं जगली असती. पण ती उद्या पुन्हा कुणाच्या तरी घरी जाणार, शेगडी पेटवणार, दार लावणार. त्यानं सगळं सांगितलं.

अमीरबीनं आपले दोन्ही हात डोळ्यांजवळ धरले.

"म्हंजे खिडकी मी बुजवली," ती म्हणाली. "दार मी लावलं. शेगडी मी पेटवली."

"आन झरोका बाळासोनं बुजवला, मावशी."

"व्हय. पर हात माझं."

"मेहमुदाला कोळसा मी नेला," हंबीरराव म्हणाला. एवढंच त्याला सुचलं.

तिनं चाचपत त्याचा पंजा शोधला आणि धरून ठेवला. मग एकदम उठली. "घरी न्हाई. आधी उत्तरेश्वर पेठंत चल. पाच दिसांमागं तिथं एक पोर बाळंत झालीया, भाड्याच्याच खोलीत. मागं कुणाचं तरी नवीन बांधकाम हाय. खिडक्या मी बुजवून आलीया."

ते गेले. जितकं भरभर तिचे पाय नेतील तितकं. खोलीचं दार बंद होतं. अमीरबीनं ते स्वतः ढकललं. आत शेगडी होती, बाजेवर पोरगी होती, आणि ती चांगली खडखडीत जागी होती. "दार लावा की," ती चिडून म्हणाली, "वारा येतोय."

म्हातारी तिच्याशी बोललीच नाही. तिनं तांब्यातलं पाणी तळहातावर ओतून घेतलं. "उचल मला," हंबीररावाला म्हणाली. त्यानं तिला कमरेला धरून उचललं. तिचं वजन काहीच नव्हतं. तिनं ओला हात आढ्याखालच्या काळ्या जाळीला लावला आणि डोळे मिटले. पोरगी, तिची आई, दारातली माणसं, सगळी तिच्याकडं बघत राहिली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून चाळीस वर्षं झटलेली बाई वाऱ्यासाठी हात पसरून होती, आणि तो येईपर्यंत हंबीररावानं श्वास घेतला नाही.

"हाय," ती म्हणाली. "वारा हाय, जमादार." आणि दोन दिवस जे आलं नव्हतं ते रडू तिला आलं.